इंग्रजीतला ‘रन’ शिकताना: पायरीपायरीने

थोडंफार इंग्रजी येणाऱ्या कुणालाही ‘रन’चा अर्थ विचारा, ‘धावणं’ असं उत्तर लगेच येईल. आता ही तीन वाक्यं पाहा: ‘हर नोज इज रनिंग’, ‘ही रन्स अ हॉटेल’, ‘द कलर्स हॅव रन’. पहिल्यात नाक वाहतंय, दुसऱ्यात कुणीतरी हॉटेल चालवतोय, तिसऱ्यात धुतलेल्या कपड्यांचा रंग सुटलाय. धावणारं कुणीच नाही.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, 430 अर्थांची. पुढे कोशाचं नव्याने संपादन सुरू झालं तेव्हा ‘रन’ने तो मान पटकावला. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले आणि ती एक नोंद तयार करायला पीटर गिलिव्हर या संपादकांना नऊ महिने लागले. वाफेची इंजिनं आली, गिरण्या आल्या, रेल्वे आली, संगणक आले; या साऱ्यांसाठी इंग्रजीने हाच जुना शब्द वापरला, त्यामुळे त्याचा पसारा वाढतच गेला.

हे अर्थ कुणी पाठ करत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा करत नाहीत. त्यांना ‘रन’च्या आजूबाजूचे शब्द अर्थ सांगतात: कोण ‘रन’ होतंय, काय ‘रन’ केलं जातंय, पाठोपाठ कोणता छोटा शब्द आलाय. हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की नव्या वाक्यातला ‘रन’ बहुतेक वेळा कोश न उघडताही कळतो. खालच्या पायऱ्या त्या सवयीसाठी आहेत. क्रम शक्यतो मोडू नका. बरेच जण थेट वाक्प्रचारांवर उडी घेतात आणि मग सगळंच सुटं सुटं राहतं.

हाताशी काय हवं

पहिली गरज शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशाची. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. परभाषकांना नेमकं कुठे अडतं हे पाहून त्यांनी एक कोश रचला. 1948 पासून ऑक्सफर्डने तो काढला आणि आज तो ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून ओळखला जातो. 1978 साली आलेल्या लाँगमनच्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत बसवलेल्या आहेत. 1987 सालच्या कॉलिन्स कोबिल्डमध्ये प्रत्येक अर्थ पूर्ण वाक्यात सांगितलेला असतो. तिन्ही कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. ‘रन’सारख्या शब्दासाठी मी कोबिल्डला पहिली पसंती देईन, कारण पूर्ण वाक्यामुळे कोण काय ‘रन’ करतंय हे व्याख्येतच दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. फोनमधली चालेल, पण हाताने लिहिलेलं जास्त टिकतं असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट कॉर्पस, म्हणजे खऱ्या लेखनातून आणि बोलण्यातून गोळा केलेला शोधता येण्याजोगा मजकूर. अमेरिकन इंग्रजीसाठी ‘कोका’ हा 100 कोटींहून अधिक शब्दांचा संग्रह आहे. ब्रिटिश इंग्रजीसाठी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे, 10 कोटी शब्दांचा. नाव नोंदवलं की दोन्ही वापरता येतात. याची गरज शेवटच्या पायरीला पडेल.

इंग्रजी-मराठी कोश मात्र या कामापुरता बाजूला ठेवा. त्यात ‘रन’समोर धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, पसरणे अशी रांग असते आणि कोणता अर्थ केव्हा घ्यायचा याचा काहीच पत्ता लागत नाही.

1. आधी रूपं पक्की करा

वर्तमानकाळी ‘रन’, भूतकाळी ‘रॅन’ आणि ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’ यांच्यानंतर पुन्हा ‘रन’. ‘ही हॅज रॅन’ ही चूक फार ठिकाणी दिसते, ती पहिल्या दिवसापासून टाळा.

वाचताना आणखी एक फसगत होते. ‘द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट’ या वाक्यातला ‘रन’ वर्तमानकाळी वाटतो, पण ते कर्मणी रूप आहे: ही शाळा एक न्यास चालवतो. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांच्यामागून ‘रन’ आला आणि त्यामागे ‘बाय’ दिसला, तर कर्ता वाक्याच्या शेवटी शोधा. बातम्यांत ही रचना पावलोपावली भेटते.

2. मराठीतलं ‘चालणे’ आठवा

मला सगळ्यात उपयोगी पडलेली पायरी हीच. मराठीत दुकान चालतं, घड्याळ चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, संसार चालतो. यांतल्या कुणालाही पाय नाहीत, तरी आपण एकदाही अडत नाही. लहान मुलालाही ‘दुकान बरं चालतंय’ हे समजतं. म्हणजे एका साध्या हालचालीच्या क्रियापदाने अर्धं जग पेलायचं ही करामत आपल्या भाषेला ठाऊक आहे. मराठी ‘चालते’ तिथे इंग्रजी पुष्कळदा ‘धावते’, एवढाच फरक. दुकान, यंत्र, नाटक, खटला, प्रोग्राम: मराठीत सगळीकडे ‘चालणे’, इंग्रजीत सगळीकडे ‘रन’.

याखेरीज आणखी तीन मराठी क्रियापदं हाताशी ठेवा. द्रव पदार्थ असेल तर ‘वाहणे’: नदी, नळ, नाक, अश्रू. लांबट वस्तू असेल तर ‘जाणे’: ‘द रोड रन्स थ्रू द फॉरेस्ट’ म्हणजे रस्ता जंगलातून जातो. हात किंवा नजर असेल तर ‘फिरवणे’: ‘शी रॅन हर आय ओव्हर द लिस्ट’ म्हणजे तिने यादीवरून नजर फिरवली. चालणे, वाहणे, जाणे, फिरवणे. या सगळ्यांच्या मुळाशी कल्पना एकच आहे: न थांबता, एका ओघात पुढे सरकत राहणं. ‘रन’चा गाभा म्हणून हीच कल्पना धरा. धावणं हा तिचा एक प्रकार झाला.

इथला सापळा उलट्या दिशेचा आहे. मराठीतल्या प्रत्येक ‘चाल’साठी ‘रन’ घालू नका. ‘चालेल’ म्हणजे मला मान्य आहे. तिथे ‘दॅट्स फाइन’ म्हणायचं. ‘दिवा चालू आहे’ याला ‘द लाइट इज ऑन’. ‘काय चाललंय?’ याला ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ सगळ्यात फसवी जोडी गाडीची आहे. गाडी चालवणं म्हणजे ‘ड्राइव्ह’. ‘रन अ कार’ म्हणजे गाडी बाळगणं, तिचं इंधन, विमा, दुरुस्ती यांचा खर्च सोसणं. ‘आय कान्ट अफोर्ड टू रन अ कार’ म्हणणाऱ्या माणसाला गाडी उत्तम चालवता येत असेल, ती पोसणं मात्र त्याला परवडत नाही.

3. कर्ता पाहा: कोण ‘रन’ होतंय?

आता वाक्यातला कर्ता ओळखा. माणूस किंवा प्राणी असेल तर बहुधा खरंच धावणं. यंत्र असेल तर चालू असणं. ‘रन्स ऑन बॅटरीज’ म्हणजे बॅटरीवर चालतं. वाहन असेल तर ठरलेल्या वेळापत्रकाने ये-जा: ‘द बस रन्स एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’, दर वीस मिनिटांनी बस असते. करार, परवाना, नाटक, सभा यांच्या बाबतीत काळ मोजला जातो: ‘द लीज रन्स फॉर टेन इयर्स’ म्हणजे भाडेकरार दहा वर्षांचा आहे. भेग, तार, कुंपण, नक्षी यांच्या बाबतीत जागा मोजली जाते: ‘अ क्रॅक रन्स अक्रॉस द सीलिंग’ म्हणजे छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेली आहे. इथे हालचाल कशाचीच नाही, पण पाहणाऱ्याची नजर त्या रेषेवरून सरकते आणि इंग्रजीला तेवढं पुरतं. मराठीतही भेग ‘जाते’, मग नवल कसलं!

यातला एक साचा वेगळा काढून शिका, कारण तो कोशात सहज नजरेतून निसटतो. ‘रन’च्या लगेच मागे विशेषण आलं की ‘रन’चा अर्थ ‘होणे’ किंवा ‘असणे’ एवढाच उरतो. ‘रनिंग लेट’ म्हणजे उशीर होतोय. ‘द वेल रॅन ड्राय’, विहीर आटली. ‘सप्लाइज आर रनिंग लो’, साठा संपत आलाय. ‘फीलिंग्ज रॅन हाय’, वातावरण तापलं होतं. ‘माय ब्लड रॅन कोल्ड’, भीतीने माझं रक्त गोठलं. ‘स्टिल वॉटर्स रन डीप’ ही म्हणही याच साच्यातली: शांत पाणी खोल असतं, म्हणजे अबोल माणसाच्या मनाचा ठाव सहज लागत नाही. आपल्याकडे ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणतात. निरीक्षण एकाच पाण्याचं, पण आपण बोट उथळाकडे दाखवतो आणि इंग्रजी खोलाकडे. त्यामुळे एक म्हण दुसरीच्या जागी सरळ बसत नाही. आपली टीका करते, त्यांची सावध करते.

4. कर्म पाहा: काय ‘रन’ केलं जातंय?

‘रन’च्या मागे थेट नाम आलं की अर्थ त्या नामावर ठरतो. व्यवसाय, शाळा, देश, घर असेल तर कारभार पाहणं. प्रोग्राम, चाचणी, तपासणी असेल तर ती करणं. वृत्तपत्राने ‘स्टोरी’ किंवा ‘ॲड’ ‘रन’ केली तर छापली. इथवर ‘चालवणे’ आणि त्याचे सख्खे भाऊबंद पुरतात.

पुढच्या जोड्या मात्र अख्ख्याच लक्षात ठेवाव्या लागतात:

‘रन अ टेंपरेचर’: अंगात ताप असणं.
‘रन अ रिस्क’: धोका पत्करणं.
‘रन अ बाथ’: अंघोळीसाठी टबात पाणी सोडणं.
‘रन ॲन एरंड’: कुणाचं तरी बाहेरचं किरकोळ काम करून येणं.
‘रन अ रेड लाइट’: लाल दिवा तोडणं.
‘रन समवन होम’: कुणाला गाडीने घरी सोडणं.
‘रन गन्स’: शस्त्रांची चोरटी वाहतूक करणं.

शेवटचा अर्थ बातम्यांत आणि इतिहासात ‘गन-रनर’, ‘ड्रग-रनर’ अशा रूपांत येतो. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. त्या काळात समुद्रमार्गे चोरून दारू आणणाऱ्यांना ‘रम-रनर’ म्हणत. तिथे ‘रनर’ वाचून धावपटू डोळ्यांसमोर आणाल तर पुढचा अख्खा परिच्छेद हातातून जाईल.

सूचना एवढीच की या जोड्यांतलं क्रियापद बदलायचं नसतं. ताप ‘रन’ करता येतो म्हणून खोकला ‘रन’ करता येत नाही. धोका ‘रन’ करतात किंवा ‘टेक’ करतात, ‘डू’ करत नाहीत.

5. पाठोपाठ येणारा छोटा शब्द: इथे वेळ द्या

‘आऊट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’, ‘अप’, ‘ऑफ’, ‘थ्रू’, ‘बाय’. ‘रन’ला यांतला एखादा चिकटला की नवं क्रियापद जन्माला येतं. इंग्रजीत यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. कोशात ती मूळ नोंदीच्या अगदी तळाशी, वेगळ्या शीर्षकाखाली असतात. बरेच जण तिथवर पोचतच नाहीत. वरचे वीस अर्थ वाचून थकतात आणि हवा तो अर्थ खालीच राहतो. म्हणून छोटा शब्द दिसला की सरळ तळ गाठा.

‘रन आऊट’ मराठी वाचकाला क्रिकेटमुळे ठाऊक असतो, आणि म्हणूनच तो चकवतो. मैदानाबाहेर ‘रन आऊट’ म्हणजे संपणं. ‘टाइम इज रनिंग आऊट’, वेळ संपत चाललाय. आता वाक्याची घडण नीट पाहा. आपण ‘कागद संपले’ म्हणतो, म्हणजे संपणारी वस्तू कर्ता. इंग्रजीत असं म्हणता येतं, ‘द पेपर हॅज रन आऊट’. पण बोलण्यात माणसाला कर्ता करतात: ‘वी हॅव रन आऊट ऑफ पेपर’. इथे ‘ऑफ’ हवाच. ‘वी हॅव रन आऊट पेपर’ म्हटलं तर वाक्य लंगडं होतं. उलट ‘द पेपर हॅज रन आऊट ऑफ’ असंही होत नाही. माणूस कर्ता असेल तर ‘ऑफ’ आणि मग वस्तू. वस्तू कर्ता असेल तर नुसतं ‘आऊट’. आणखी एक भावंड आहे, ‘रन आऊट ऑन’. त्याचा अर्थ कुणाला तरी वाऱ्यावर सोडून निघून जाणं. ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ आला आणि संपलेल्या कागदांऐवजी मोडलेला संसार समोर आला.

‘रन इंटू’चे चार अर्थ नेहमी लागतात. माणूस पुढे असेल तर अचानक गाठ पडणं. खांब, भिंत, गाडी असेल तर धडकणं. ‘ट्रबल’, ‘प्रॉब्लेम्स’ असेल तर अडचणीत सापडणं. आणि आकडा असेल तर तिथवर पोचणं: ‘द कॉस्ट्स रन इंटू मिलियन्स’, खर्च लाखोंच्या घरात जातो.

‘रन ओव्हर’ जपून वापरा. ‘ही रॅन ओव्हर हिज नोट्स’ म्हणजे टिपणांवरून झरझर नजर फिरवली. ‘ही रॅन ओव्हर अ डॉग’ म्हणजे त्याच्या गाडीखाली कुत्रा आला. ‘द मीटिंग रॅन ओव्हर’ म्हणजे सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबली. उजळणीसाठी ‘रन थ्रू’ जास्त सुरक्षित आहे. ‘लेट्स रन थ्रू द प्लॅन’ म्हणजे बेत एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू.

‘रन बाय’ कामाच्या ठिकाणी रोज कानावर पडतं. ‘कॅन आय रन समथिंग बाय यू?’ म्हणजे एक गोष्ट तुमच्या कानावर घालून तुमचं मत विचारू का? उत्तरात नुसतं ‘येस’ म्हणून थांबू नका, समोरचा तुमच्या मताची वाट पाहत असतो.

‘रन डाउन’मध्ये पडती बाजू कायम असते. बॅटरी उतरणं, कुणाला नावं ठेवणं, गाडीने उडवणं, एखाद्या उद्योगाचा पसारा कमी करत नेणं. ‘आय फील रन-डाउन’ म्हणजे अंगात त्राण नाही. ‘रन-डाउन बिल्डिंग’ म्हणजे पडझड झालेली इमारत. एकत्र लिहिलेलं ‘रनडाउन’ हे नाम मात्र पूर्ण वेगळं, त्याचा अर्थ मुद्देसूद आढावा. बैठकीत कुणी ‘गिव्ह मी अ रनडाउन’ म्हणालं तर तो कुणाची निंदा मागत नाहीये.

‘रन अप अ बिल’ म्हणजे उधारी किंवा बिल चढवून ठेवणं, ‘रन अप अ फ्लॅग’ म्हणजे निशाण वर चढवणं, ‘रन अप अ ड्रेस’ म्हणजे पटकन कपडा शिवून काढणं. ‘रन ऑफ टेन कॉपीज’ म्हणजे दहा प्रती काढणं. ‘रन ऑफ विथ समवन’ म्हणजे कुणाचा तरी हात धरून पळून जाणं.

शब्दक्रमाचाही एक नियम आहे. ‘रन इंटू’मधली दोन पदं कधी तुटत नाहीत: ‘आय रॅन इंटू हिम’. ‘रन बाय’च्या या अर्थात वस्तू मध्ये बसते: ‘रन इट बाय मी’. ‘रन डाउन’ आणि ‘रन अप’ दोन्ही प्रकारे चालतात, पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच हवं: ‘रन हिम डाउन’. कोशात ‘समबडी’, ‘समथिंग’ हे शब्द मध्ये छापलेत की शेवटी, ते पाहिलं की हा प्रश्न सुटतो. बोलताना आघात छोट्या शब्दावर येतो, ‘रन आऊट’मध्ये ‘आऊट’ ठासून. तेच नाम झालं की आघात उलटून ‘रन’वर येतो, जसं ‘रन-अप’.

6. वाक्प्रचार: उगमासकट शिका

गाभा, कर्ता, कर्म आणि छोटा शब्द पक्के झाले की वाक्प्रचार हाताळा. अनेकांची जन्मकथा कळली की ते आपोआप ध्यानात राहतात.

‘रन-ऑफ-द-मिल’ म्हणजे सर्वसाधारण, ज्यात खास काही नाही असं. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न लावलेला माल म्हणजे ‘रन ऑफ द मिल’. हा बहुधा नामाच्या आधी विशेषण म्हणून येतो.

‘रन द गाँटलेट’ म्हणजे चहूबाजूंनी होणारा मारा किंवा टीका झेलत जाणं. मुळात ही सैन्यातली शिक्षा. समोरासमोर उभ्या सैनिकांच्या दोन रांगांमधून अपराध्याला जावं लागे आणि दोन्हीकडून फटके बसत. स्वीडिशमध्ये ‘गाटा’ म्हणजे गल्ली आणि ‘लोप’ म्हणजे धाव, त्यावरून सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. पुढे लोकांनी त्याची सांगड हातमोजा या अर्थाच्या ‘गाँटलेट’शी घातली. हातमोज्याचा इथे काही संबंध नाही, त्यामुळे ‘थ्रो डाउन द गाँटलेट’, म्हणजे आव्हान देणं, याच्याशी गल्लत करू नका.

‘रन अमॉक’मधला ‘अमॉक’ मलय भाषेतून आलेला. बेभान होऊन दिसेल त्यावर हल्ला करत सुटणं, हा मूळ अर्थ. आता लहान मुलांच्या धिंगाण्यालाही वापरतात.

‘कट अँड रन’ हे जहाजांवरचं. संकट आलं तर नांगर ओढून घेण्याइतकी सवड नसे, मग त्याचा दोर कापायचा आणि वाऱ्यासोबत निघायचं. आज अर्थ: अडचण दिसताच काढता पाय घेणं.

घोड्यांच्या शर्यतींनी दोन दिले. निकालात पहिले क्रमांक छापून बाकीच्यांची नावं ‘हेही धावले’ म्हणून देत, त्यावरून ‘ऑल्सो-रॅन’ म्हणजे स्पर्धेत कुठेच नसलेला माणूस. आणि ‘गिव्ह समवन अ रन फॉर देअर मनी’ म्हणजे तगडी टक्कर देणं.

बाकीचे झटपट: ‘इन द लाँग रन’ म्हणजे दूरचा विचार करता. ‘रन इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यात पिढ्यानपिढ्या असणं. गाणं असो वा मधुमेह, दोन्हींना लागू. ‘रन इट्स कोर्स’ म्हणजे दुखणं किंवा वाद आपल्या गतीने होऊन संपणं. ‘रन आऊट ऑफ स्टीम’, जोर ओसरणं. ‘हिट द ग्राउंड रनिंग’, पहिल्या दिवसापासून धडाक्यात काम सुरू करणं. ‘रन ऑफ युअर फीट’, क्षणाची उसंत नसणं. ‘रन विथ द हेअर अँड हंट विथ द हाउंड्स’ म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणं.

कोशात वाक्प्रचार सापडला नाही तर त्यातल्या नामाखाली शोधा. काही कोश ‘रन इन द फॅमिली’ हा ‘फॅमिली’खाली देतात. शेजारी ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘ओल्ड-फॅशन्ड’ अशी खूणचिठ्ठी असते, तीही वाचा. आणि सुरुवातीला वाक्प्रचार फक्त ओळखायला शिका. लिहिण्यात घालायची घाई नको. एकाच पत्रात तीन-चार आले तर ते पत्र कृत्रिम वाटतं.

7. नाम म्हणून ‘रन’

इथे वाचन थोडं, कारण गाभा तोच राहतो: एका ओघातली फेरी किंवा सलग मालिका. क्रिकेटमधली धाव, नाटकाचा सलग प्रयोगकाळ, ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती, ‘ट्रायल रन’ म्हणजे चाचणी फेरी, ‘अ रन ऑफ बॅड लक’ म्हणजे एकामागून एक येणारी दुर्दैवं. ‘थ्री डेज रनिंग’ मात्र नाम नव्हे, त्याचा अर्थ लागोपाठ तीन दिवस.

‘बँक रन’ नीट समजून घ्या. बँक बुडणार या भीतीने ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावतात आणि त्या धावेनेच बँक खरोखर अडचणीत येते. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर अशा रांगा लागल्या होत्या. ‘द बँक रन’ म्हणजे ही धाव, आणि ‘ही रन्स द बँक’ म्हणजे बँकेचा कारभार त्याच्या हाती. शब्दांची जागा बदलली की अर्थ पार पालटतो.

एका ठिकाणी सांभाळा. ‘द रन्स’ म्हणजे बोलीत जुलाब. ‘आय हॅव द रन्स’ असं खेळाबद्दल चुकूनही म्हणू नका.

8. ब्रिटिश आणि अमेरिकन

निवडणुकीला उभं राहणं अमेरिकेत ‘रन फॉर ऑफिस’, ब्रिटनमध्ये ‘स्टँड फॉर इलेक्शन’. पायमोज्याची वीण उसवून पडलेली रेघ अमेरिकेत ‘रन’, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. लाल दिवा अमेरिकन ‘रन’ करतात, ब्रिटिश बहुधा ‘जंप’ करतात. परीक्षा किंवा नोकरी ज्या इंग्रजीशी जोडलेली असेल त्या बाजूचं धरा आणि एका लेखात दोन्ही मिसळू नका.

9. वहीत काय लिहायचं

पानाच्या मध्यभागी ‘रन’चा गाभा मराठीत लिहा. भोवती चार कप्पे करा: कर्ता, कर्म, छोटा शब्द, वाक्प्रचार. प्रत्येक नोंद पूर्ण वाक्यात हवी आणि ते वाक्य तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं हवं. ‘रन आऊट ऑफ’समोर ‘संपणे’ लिहिलं तर ते दोन दिवसांत उडून जातं. तुमचं खरोखर काय संपलं होतं ते लिहिलं तर टिकतं. नवं वाक्य भेटलं की आधी कप्पा ठरवा, मग कोश उघडा. एकाही कप्प्यात बसत नसेल तर गाभ्यापासून विचार करून एक अंदाज लिहा आणि मग पडताळा. अंदाज चुकला तरी खोडू नका, शेजारी बरोबर अर्थ लिहा.

आता कॉर्पस उघडा. ‘कोका’मध्ये ‘रन’ मोठ्या लिपीत टाइप केलं की ‘रन’, ‘रन्स’, ‘रॅन’, ‘रनिंग’ ही सगळी रूपं एकदम शोधली जातात. शोधात पुढे ‘आऊट ऑफ’ जोडा आणि लोकांचं काय काय संपतं ते वाचा: टाइम, मनी, गॅस, आयडियाज. पंधरा-वीस ओळी वाचल्या की कोणतं नाम तिथे सहज बसतं हे कानाला कळायला लागतं. दर खेपेला एकच छोटा शब्द घ्या. सगळे एकदम उपसायला गेलात तर ‘ओव्हर’ आणि ‘थ्रू’ एकमेकांत मिसळतील.

चारही कप्प्यांत दहा-दहा वाक्यं जमली की पुढचा शब्द घ्यायला हरकत नाही. तो ‘ब्रेक’ असू द्या, कारण तिथे गणित उलटं आहे. मराठीत काच फुटते, काठी मोडते, दोरी तुटते, आणि इंग्रजीत या तिन्हींना एकच ‘ब्रेक’ पुरतो. त्यामुळे पानाच्या मध्यभागी या वेळी तीन मराठी क्रियापदं लिहावी लागतील, आणि कर्त्याचा कप्पा सगळ्यांत आधी भरायला घ्या.